सरकारदरबारी भाडेकरू

काकूंनी कधी कुणाशी नुसता हात मिळवला नाही. समोरच्याने हात पुढे केला की त्यांची बोटं सरळ त्याच्या मनगटावर जायची, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तो बिचारा ताटकळत उभा. मग निकाल लागायचा. "जलद आहे. जिना चढून आलास की खोटं बोलून आलास?" हार्लेममधल्या आमच्या गल्लीतला पोस्टमन, समोरचा दातांचा डॉक्टर, कोपऱ्यावरचा चीजवाला, सगळ्यांच्या नाड्या काकूंकडे जमा होत्या. आम्ही त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला गेलो, तेव्हा माझ्या नवऱ्याचीही नाडी त्यांनी धरली आणि मला म्हणाल्या, "भाडं वेळेवर देईल. पण घरकामाला हात लावायचा नाही." दोन्ही खरं ठरलं.

हे दोन हजार पाचच्या आसपासचं. नवरा आयटीत, रोज ट्रेनने ॲमस्टरडॅमला जायचा. मी पुण्यातली बरी नोकरी सोडून त्याच्या मागे आलेली. माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं लिहिलं होतं आणि तो शब्द माझ्या डोक्यात गेला होता. लायब्ररीत जाऊन डच शिकायचं, संध्याकाळी नवऱ्याशी भांडायचं आणि उरलेला वेळ काकूंच्या स्वयंपाकघरात काढायचा, असा माझा दिनक्रम होता.

काकू मिरजेला नर्सिंग शिकलेल्या. साठच्या दशकात इथे आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या, पण इथल्यासारख्या झाल्या नाहीत. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. अंगावर सुती साडी, तिच्यावर काकांचा जुना स्वेटर, पायात रबरी बूट. अशा अवतारात सायकलवर निघायच्या. वळताना इथल्या पद्धतीप्रमाणे हात बाहेर काढायच्या आणि मागच्या गाडीवाल्याला शुद्ध मराठीत दम भरायच्या, "थांब की जरा, तुझ्या बापाचं लग्न चुकतंय काय?" गाडीवाला थांबायचा. मराठी कळत नसलं तरी सूर कळतोच.

डच माणूस सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी आधी डायरी काढतो. काकूंना ते मान्य नव्हतं. "येणाऱ्यानं यावं, जाणाऱ्यानं जावं, मध्ये वही कशाला?" असं म्हणून त्या वाटेल तेव्हा वाटेल त्याचं दार वाजवायच्या. सुरुवातीला शेजारी दचकायचे म्हणे. माझ्या काळात मात्र तेच यांच्या मागच्या दाराने न विचारता आत यायचे आणि कॉफीसाठी कप पुढे करायचे.

आणि त्यांचा एक मोठाच हट्ट होता. कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा करायची नाही. चहा गार झाला तर परत गरम करायचा नाही, तसाच प्यायचा. बोललेलं वाक्य परत बोलायचं नाही. "ऐकू आलं नाही? मग तुझ्या नशिबात नव्हतं." बाजारातून आणलेली वस्तू बदलायला जायचं नाही. एकदा तळाला चीर असलेली किटली घरी आली. मी म्हटलं, काकू, पावती आहे, बदलून आणते. तर म्हणाल्या, "आणली की आणली." आणि तिच्यात कोथिंबीर लावली. मला हसू यायचं. हाच हट्ट एक दिवस घराच्या मुळावर येईल असं वाटलं नव्हतं.

काका डच. त्यांना काकू 'आमचे हे' म्हणायच्या आणि हाक मारायची तर 'अहो'. नाव म्हणून काही तोंडातून निघायचं नाही. काका त्या वेळी घरात नव्हतेच. त्यांना पक्षाघात झाला होता, उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. सगळ्या भाषा जाऊन तोंडात एकच शब्द उरला होता, 'या'. डचमध्ये या म्हणजे हो. चहा हवा का? या. नको का? या. बाहेर पाऊस आहे की ऊन? या, या. गावाच्या दुसऱ्या टोकाला नर्सिंग होम होतं. आपल्याकडचं बाळंतिणींचं नव्हे हं. ज्यांना घरी सांभाळणं शक्य नाही अशांना कायमचं ठेवतात ते. काका तिथे राहायचे. काकू रोज सायकलने जायच्या आणि तिथल्या नर्सेसना नर्सिंग शिकवून यायच्या. त्या पोरींना वाटायचं या आजोबांचं लाडाचं नाव 'आहो' आहे. त्याही त्यांना गुड मॉर्निंग आहो म्हणायच्या.

पण रविवारी काका घरी. सकाळी व्हीलचेअरची टॅक्सी दारात लागायची. शनिवारपासून काकूंची लगबग. चादरी बदल, खिडक्या पूस, मटार सोल. काकांना वरणभात लागायचा, त्यावर तूप, आणि कडेला लिंबाच्या लोणच्याबरोबर कच्चा हेरिंग मासा. हे समीकरण मला शेवटपर्यंत झेपलं नाही. जेवणाआधी काका डाव्या हाताने ताटाभोवती पाणी फिरवायचे. काकूंच्या मिरजेच्या मामांनी शिकवलेलं. मग काकू त्याच ताटातला एक घास त्यांना भरवायच्या, एक स्वतः खायच्या. मी एकदा म्हटलं, दुसरं ताट घेऊ का? तर म्हणाल्या, "घासणार कोण?" जेवण झालं की काका बागेकडे तोंड करून बसायचे आणि त्यांचा चेहरा असा शांत व्हायचा की होममध्ये तो कधीच तसा दिसला नाही. काकू आठवडाभर त्या एका दिवसासाठी जगायच्या. हे मी उगाच म्हणत नाही, मी पाहिलंय.

काका मूळचे सैनिक, तेही सक्तीच्या भरतीतले. ऐन विशीत त्यांना इंडोनेशियात पाठवलं होतं, तिथलं डच राज्य टिकवायला. "दुसऱ्याचा देश धरून ठेवायला गेले आणि स्वतःचा पाय देऊन आले," असं काकू त्यांच्यासमोरच म्हणायच्या, आणि वाचा होती तेव्हाही काका मान हलवायचे म्हणे. डाव्या पायात लोखंडाच्या कपच्या घुसल्या होत्या. पोटरीचा अर्धा भाग गेला तो गेलाच. पुढे ते दुधाची यंत्रं बसवायचं काम शिकले आणि त्या कामासाठी मिरजेकडे आले. तिथे पायातली एक जुनी कपची वर आली, पाय सुजला आणि ते दवाखान्यात काकूंच्या हाती सापडले. "मी ती कपची काढली," काकू सांगायच्या, "आणि हा माणूस ओरडायच्या ऐवजी विचारतो, तुझी सुट्टी कधी असते."

त्या पायापोटी काकांना सैन्याचं पेन्शन होतं. एक भाग नोकरीचा, एक भाग जखमेचा. वर म्हातारपणाचं सरकारी पेन्शन. घर त्यावर चालायचं. काकूंचं स्वतःचं पेन्शन तुटपुंजं, कारण इथे तारुण्यापासूनची वर्षं मोजतात आणि काकू आल्या उशिरा, त्यात नोकरी अर्धवेळ.

आणि तिथेच माशी शिंकली. नर्सिंग होमचा खर्च सरकारी विम्यातून होतो, पण राहणाऱ्याच्या उत्पन्नातून दर महिन्याला एक वाटा कापून घेतात. त्याची बायको घरी असेल तर वाटा लहान, कारण मागे राहिलेल्या माणसाला घर चालवायचं असतं. राहणारा एकटा असेल तर जवळजवळ सगळं घेतात, हातखर्चापुरतं ठेवतात. एकट्याला घर कशाला हवं, असा साधा हिशेब. काकांचा वाटा ठरून आला तेव्हा त्यात त्यांचं सगळं उत्पन्न गेलं होतं. जखमेच्या पैशांसकट.

मी म्हटलं, चूक झाली असेल, फोन करू. काकू म्हणाल्या, "फोनवर पाय दिसत नाही." आणि दुसऱ्या दिवशी काकांना व्हीलचेअरवर घालून, मला बरोबर घेऊन, अपॉइंटमेंटबिंट काही न घेता त्या ऑफिसात थडकल्या. खिडकीमागे केसांना जेल लावलेला एक तरुण होता. काकूंनी काकांच्या डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला, पँट वर केली आणि तो पाय उचलून सरळ त्याच्या टेबलावर ठेवला. आख्खं ऑफिस वळून बघतंय, आणि काका मजेत, "या, या."

"हा पाय तुम्ही उत्पन्नात धरलाय," काकू डचमध्ये म्हणाल्या. त्यांचं डच म्हणजे मिरजेच्या सुरातलं, पण खणखणीत. "पगार म्हणजे केलेल्या कामाचं मोल. हे गेलेल्या पोटरीचं मोल आहे. बघा, अजून गेलेलीच आहे. परत आली की पैसे घ्या."

पोरगा पांढराफटक पडला. आत गेला, साहेबाला घेऊन आला. साहेबांनी पाय पाहिला, कीबोर्ड बडवला आणि कबूल केलं की बाई बरोबर बोलतायत. जखमेपोटी मिळणारा भाग उत्पन्नात धरायचाच नसतो. तो बाजूला काढला. काकूंनी विजयी मुद्रेने मोजा चढवला. पण साहेब अजून उभेच होते, जरा ओशाळलेले. "बाकीचं पेन्शन मात्र जाणार," ते म्हणाले. "हे गृहस्थ एकटे आहेत ना."

"एकटे? मग मी कोण?"

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं. "तुम्ही त्यांच्या भाडेकरू आहात, बाई."

आता हे असं का झालं ते सांगायला हवं. काका-काकूंचं लग्न मिरजेजवळ काकूंच्या मामांच्या अंगणात झालं. वैदिक पद्धतीने, सप्तपदीसकट. पण काका हिंदू नाहीत, तेव्हा ते लग्न कायद्याच्या कुठल्याच खणात बसेना. इथे आल्यावर नगरपालिकेतल्या कारकुनाने सर्टिफिकेट मागितलं. काकू म्हणाल्या, अग्नी साक्षीला होता. कारकून म्हणाला, छान, पण अग्नीचा शिक्का नाही. त्यापेक्षा इथे परत लग्न करा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि काकूंनी काय म्हटलं असेल? "झालंय." उठल्या आणि घरी गेल्या. त्यांच्याकडे नर्स म्हणून इथे राहायचा स्वतःचा परवाना होता, काही अडलं नाही. त्या पत्त्यावर अविवाहित पुरुष आणि अविवाहित नर्स, म्हणजे घरमालक आणि भाडेकरू, असं कारकुनाने आपल्या मनाने लिहून टाकलं. चाळीसएक वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. आता बिघडलं. घर चालवायला पैसा उरणार नव्हता. घर गेलं तर काकू एखाद्या खोलीत जातील, जिथे व्हीलचेअर दारातून आत यायची नाही. मग रविवारी काकांना आणायचं कुठे?

सगळ्यांनी एकच सल्ला दिला. लग्न करा. होममधल्या सोशल वर्करने सांगितलं, रजिस्ट्रारला पलंगापाशी आणू. दातांचा डॉक्टर साक्षीदार व्हायला तयार. माझा नवराही म्हणाला, सिंपल सोल्यूशन आहे, प्रॉब्लेम काय आहे? मी तर हात जोडले.

"काकू, सही करून टाका की! एका सहीने घर वाचतंय."

"आणि इतकी वर्षं मी ह्यांच्या घरात कोण होते?" काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "परत लग्न करायचं म्हणजे पहिलं झालंच नव्हतं असं मी माझ्या तोंडानं सांगायचं. माझा मामा आख्ख्या गावाशी भांडला. भटजीच्या पाया पडून त्याला आणला. हे बाबा दुखऱ्या पायानं सकाळपासून पाटावर बसले होते, मांडी घालता येत नव्हती तरी. ते काय नाटक होतं?"

"तसं नाही हो, पण कागदावर…"

"कागदावर त्यांनी चूक केलीय, त्यांनी निस्तरावी. नवरी मी एकदाच झाले."

डोक्याला हात लावला मी. हट्टीपणाला औषध नाही, हे आजी म्हणायची ते पटलं. रागही आला आणि खरं सांगू, हेवाही वाटला. आपण कोण आहोत हे दुसऱ्याने लिहिलेलं मान्यच करायचं नाही, एवढी धमक माझ्यात असती तर 'डिपेंडंट' वाचून मी दोन महिने रडले नसते.

शेवटी त्या ओशाळलेल्या साहेबांनीच एक वाट दाखवली. लग्नाची नोंद नसली तरी दोघं मिळून एक संसार चालवतात असं दिसलं, तर त्यांना नवरा-बायकोच धरतात. फक्त ऑफिसचा इन्स्पेक्टर घरी येऊन खात्री करणार. काकू म्हणाल्या, येऊ दे, पण रविवारी यायचं. साहेब म्हणाले, रविवारी आमचे लोक काम करत नाहीत. काकू म्हणाल्या, "संसार बघायचाय ना? आमचा संसार रविवारी घरी असतो." डच सरकारी माणसाला रविवारी कामावर बोलावणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि कमाल म्हणजे तो आला.

उंच, किडकिडीत, पँटला सायकलच्या क्लिपा लावलेला, अतिशय सभ्य माणूस. येताना स्वतःचा डबा घेऊन आला होता, चीज घातलेले दोन पाव. ज्या घराची तपासणी करायची त्या घरचं काही खायचं नाही, असा त्याचा नियम. काकूंनी वरणाचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि त्याने आपला डबा उघडला. टेबलाच्या एका बाजूला काका-काकू, एक ताट, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याचे पाव, आणि मध्ये मी, दुसरी भाडेकरू, माझं तर काही विचारूच नका.

त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. कपडे कोण धुतं? सामान कोण आणतं? यांच्या औषधांचं कोण बघतं? काकूंची उत्तरं एकेका शब्दाची. "मी. मी. मीच, आणि कोण?" तुम्ही जेवता एकत्र की वेगवेगळं, यावर तर त्या म्हणाल्या, "डोळे आणलेत ना बरोबर?" मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

"मला यांनाही विचारावं लागेल," तो म्हणाला आणि काकांसमोर वाकला. "महाराज, या बाई तुमच्या कोण? पत्नी?"

"या," काका म्हणाले.

काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझाही जीव भांड्यात पडला. पण तो माणूस प्रामाणिक होता, मेला. त्याने जरा थांबून विचारलं, "की भाडेकरू?"

"या, या," काका म्हणाले.

त्याने पेन खाली ठेवलं. त्यालाही वाईट वाटत होतं, दिसत होतं. "मला यांचं उत्तर धरता येणार नाही, बाई. यांच्या बाजूने काहीतरी लागतं हो." काकूंनी डाव उचलला आणि काकांच्या भातावर वरण वाढायला घेतलं. माझं डोकं फिरलं.

आमच्या घराण्यात लग्नात दार अडवायला मला पुढे करतात. नवऱ्या मुलाने नाव घेतल्याशिवाय मी कुणाला आत सोडलेलं नाही, भले मुहूर्त टळो. तीच मी त्या दिवशी उठले, काकांच्या पुढचं ताट ओढून घेतलं, छातीशी धरलं आणि मराठीतच ओरडले, "नुसतं या-या काय लावलंय, काका? नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय घास नाही मिळायचा!"

इन्स्पेक्टर दचकून मागे सरकला. काकू म्हणाल्या, "अगं ए बये, आजारी माणूस आहे तो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. आणि त्या ओठांतून, जिथून मी कधी दुसरा शब्द ऐकला नव्हता, खर्जातल्या आवाजात, ट-ठ धड न येणाऱ्या डच जिभेने, अडखळत पण सबंध बाहेर पडलं:

"दूध तापलं मंद आचेवर, साय आली दाट,
शालनचं नाव घेतो, मांडा दोघांचं ताट."

काकूंचं नाव मला तेव्हा कळलं. तोवर विचारायचं सुचलंही नव्हतं.

डावातलं वरण टेबलक्लॉथवर ओघळत होतं आणि काकूंना पत्ता नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. पदर लावायचंही भान नव्हतं. इन्स्पेक्टरला मराठी येत नाही हेसुद्धा त्या विसरल्या आणि त्यालाच सांगू लागल्या, "मामानं महिनाभर पाठ करून घेतलं होतं हो. दुधाची यंत्रं बसवतात म्हणून दुधाचा उखाणा. आणि ऐन मांडवात विसरले! दूध, दूध करत बसले. सगळं गाव हसलं. मला इतकी लाज वाटली, मी परत कधी विचारलं नाही. आज म्हणाले बघा. पुरा म्हणाले."

मी नंतर एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, असं होतं. बोलणं जातं पण पाठ केलेलं, घोकलेलं कुठेतरी शाबूत राहतं. काका मांडवात विसरले ते विसरले, पण जिभेने जपून ठेवलं होतं.

"काय म्हणाले ते?" इन्स्पेक्टरने मला हळूच विचारलं. मी माझ्या लायब्ररीतल्या डचमध्ये सांगितलं. दूध, साय, तिचं नाव. आमच्याकडे नवरा हे लग्नात म्हणतो. आणि शेवटी काय म्हणतो? "आम्हा दोघांसाठी एक ताट मांडा." ते ताट अजून माझ्या छातीशीच होतं. मी घाईघाईने खाली ठेवलं. त्याने ताटाकडे पाहिलं, काकांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, तो काकूंच्या मनगटावर होता. मग पेनला टोपण लावलं.

"भाडेकरू हे घरमालकाच्या ताटात जेवत नाहीत," तो म्हणाला. "माझं काम झालं. आता मी पाहुणा आहे का?"

"बसा," काकू नाक पुसत म्हणाल्या. "ते पाव ठेवा बाजूला." तो तीनदा भात घेऊन जेवला. लिंबाच्या लोणच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, निदान तो तरी लोणच्यामुळेच म्हणाला. जाताना काकूंनी त्याची नाडी पाहिली. "चांगला आहे," एवढंच म्हणाल्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. संसार एक धरला, वाटा लहान केला, जखमेचे पैसे बाजूला राहिले ते राहिलेच. घर वाचलं. परत लग्न झालं नाही, सही झाली नाही, आणि सरकारदरबारी काकू बायको झाल्या. काकूंचं म्हणणं, झाल्या नाहीत, होत्याच. सरकारला उशिरा कळलं.

त्यानंतरच्या रविवारी टॅक्सी आली तेव्हा मी काकूंच्या आधी दारात जाऊन उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. होममधल्या दोन नर्सेसही सुट्टी असून आल्या होत्या. दातांचा डॉक्टर, चीजवाला, त्याची बायको, सगळी गल्ली न बोलावता फुटपाथवर जमली होती. टॅक्सीवाला काकांची खुर्ची ढकलत उंबऱ्यापाशी आला. मी म्हटलं, "नाव घ्या." काकांनी मान ताठ केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात घेतलं. टाळ्या पडल्या.

मी हात काढले नाहीत. मागे वळले. "आता तुम्ही."

"मी? चल, काहीतरीच!" सदुसष्ट वर्षांच्या काकू कानापर्यंत लाल झाल्या. "इतक्या वर्षांत घेतलं नाही, आता या वयात?"

"काका बाहेर खोळंबलेत. वरण गार होतंय."

काकूंनी काकांकडे पाहिलं. स्वेटर खाली ओढला. पदर खोचला. आणि कधीच तोंडातून न निघालेलं नवऱ्याचं नाव, ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जावं म्हणून, त्या हार्लेमच्या गल्लीत ठणकावून घेतलं:

"लढाईत गेला पाय, त्याचं सरकारनं दिलं पेन्शन,
हेंद्रिकरावांचं नाव घेते, आता कसलं आलंय टेन्शन!"

काका हसत सुटले. टॅक्सीवाल्यानेही टाळ्या वाजवल्या, आणि मी दारातून बाजूला झाले.